नऊ कात

माझी जन्मतारीख २७ ऑगस्ट १९७४ आहे. माया दिनदर्शिकेनुसार जन्मचिन्ह काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर ही तारीख घातली, की काही ठिकाणी ‘लाल ड्रॅगन, अंक १’ असे उत्तर येते आणि काही ठिकाणी ‘९ कात’ असे येते. दोन्ही उत्तरांच्या वर ‘माया’ हाच शब्द ठळक अक्षरांत असतो. पहिले उत्तर ड्रीमस्पेल नावाच्या पद्धतीचे आहे. होसे आर्ग्वेयेस ह्या अमेरिकन लेखकाने ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. तिच्यात २९ फेब्रुवारी हा दिवस धरतच नाहीत, त्यामुळे दर लीप वर्षी ती परंपरागत गणनेपासून आणखी एका दिवसाने सरकते. दुसरे उत्तर ग्वातेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातल्या किचे आणि इतर माया लोकांच्या गणनेचे आहे. स्पॅनिश राजवट, मिशनऱ्यांची बंदी आणि १९६० ते १९९६ पर्यंत चाललेले यादवी युद्ध ह्या सगळ्यांतून त्यांनी ती आजपर्यंत चालवली आहे. २१ डिसेंबर २०१२ रोजी जग बुडणार म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनी जो दिवस गाजवला, तो ह्या गणनेत ‘४ अहपू’ होता आणि दुसऱ्या दिवशी रीतसर ‘५ इमोश’ उजाडला.

ह्या चक्राला किचे भाषेत चोलकिह म्हणतात. २० दिवसचिन्हे आणि १ ते १३ हे अंक एकाच वेळी एकेक पाऊल पुढे सरकतात आणि तीच जोडी २६० दिवसांनी परत येते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण एकदम चालणाऱ्या पंचांगाची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रचना समजायला अजिबात अवघड जात नाही. प्रत्येक चिन्हाचा एक नावाल असतो. तो त्या दिवसाचा अधिष्ठाता, आणि बहुतेक नावालांशी एखादा प्राणी जोडलेला असतो: बाट्सशी माकड, ईशशी जॅग्वार, केहशी हरिण, कावोकशी कासव, अहमाकशी मधमाशी, केमेशी घुबड, त्सीशी कुत्रा. गावागणिक ह्या जोड्यांत थोडाफार फरक पडतो. कातशी जोडलेला प्राणी म्हणजे कोळी आणि वस्तू म्हणजे जाळे.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि अनुवाद करते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अनेकांना होते तसे मलाही आतून काहीतरी अडकल्यासारखे होत होते आणि एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी ‘अंतरंगातील प्राणी’ ह्या विषयावरच्या एका शिबिराला गेले होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची आदिबंधांची कल्पना, म्हणजे मानवी मनाच्या तळाशी सर्वांना समान असलेल्या प्रतिमा, तिथे थोडक्यात सांगितली गेली आणि मग डोळे मिटून, डफाच्या ठेक्यावर, जो प्राणी समोर येईल त्याच्यामागे जायला सांगण्यात आले. बहुतेकांना लांडगा, गरुड किंवा वाघ दिसला. मला म्हैस दिसली. चिखलात बसलेली, एक कान हलवत माश्या उडवणारी. संचालकांच्या हातातल्या पुस्तकात म्हैस नव्हती, म्हणून त्यांनी मला बायसनचे पान वाचून दाखवले. त्यातले शौर्य आणि विपुलता मी नम्रपणे ऐकून घेतली, पण म्हशीबद्दल मला कुणीच काही विचारले नाही, ही गोष्ट मनात राहिली.

जन्मचिन्ह म्हटल्यावर मी सावध होते, त्याला वेगळे कारण आहे. माझे जन्मनक्षत्र मूळ. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते, असे आमच्याकडे मानतात. आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्या दिराला, अशी ती सगळी वाटणीच ठरलेली आहे. बाराव्या दिवशी माझी जननशांत झाली होती, तरी लग्नाच्या वेळी दोन स्थळांनी पत्रिका पाहून नकार कळवला आणि तिसऱ्या ठिकाणी योनी जुळत नाही असे सांगितले. पत्रिकेतल्या चौदा योनींपैकी मूळ नक्षत्राची श्वान आणि त्या मुलाची मृग. म्हणजे प्राण्याच्या नावाने माणसाची परीक्षा होणे मला नवे नव्हते. ज्या घरात अखेर माझे लग्न झाले, तिथे माझे सासरे नव्वदी ओलांडून गेले, पण त्यामुळे कुणाचे मत बदलल्याचे मला दिसले नाही.

२०२३ च्या जुलैअखेरीस मी ग्वातेमालातल्या केत्साल्तेनांगोला गेले. ह्या शहराला सगळे शेला म्हणतात. ते समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे, तिथे स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत आणि मला तिथल्या एका शाळेत किचे भाषेचे प्राथमिक धडेही घ्यायचे होते. माझ्या शिक्षिकेची मावशी अहकिह होती. अहकिह म्हणजे दिवसांची गणना सांभाळणारी व्यक्ती. ती दिवस सांगते, बिया मांडून प्रश्न पाहते, अग्नीपुढे प्रार्थना करते. वडीलधाऱ्या स्त्रीला किचेमध्ये नान म्हणतात, म्हणून मीही त्यांना नानच म्हणत असे. त्या मला सुरुवातीला सेन्योरा म्हणत आणि नंतर मिहा, म्हणजे ‘लेकी’, म्हणू लागल्या. त्यांचे घर शहराबाहेर, मक्याच्या शेताला लागून होते आणि त्यांच्याकडे येणारी माणसे बहुतेक करून आजूबाजूच्या गावांतलीच होती: गाय आजारी पडलेली, मुलगा सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेला आणि फोन येईना झालेला, दुकान लावायला दिवस हवा असलेला.

मी जन्मतारीख सांगताच नानने बोटांवर नव्हे, तर एका छापील छोट्या वहीत पाहून ९ कात हे उत्तर काढले. लाल ड्रॅगनबद्दल मी विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, की तो दिवस कुणी मोजला, कुणी त्याला नैवेद्य दिला, हे त्यांना ठाऊक नाही. त्यानंतर त्यांनी एक पिशवी उघडली. तिच्यात त्सितेच्या बिया होत्या. गर्द लाल, गुळगुळीत, आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातल्या झाडाच्या. किचे लोकांच्या पोपोल वूह ह्या ग्रंथात लाकडाची माणसे घडवण्यापूर्वी दैवी आजा-आजी ह्याच बिया आणि मक्याचे दाणे मांडून कौल घेतात. नानने बिया टेबलावर पसरल्या, हाताने फिरवल्या, एक मूठ बाजूला काढली आणि चार-चारच्या पुंजक्यांत रांगेने लावल्या. शेवटच्या पुंजक्यात किती उरल्या ह्यावर उत्तराचा ठामपणा अवलंबून असतो. मग एकेका पुंजक्यावर बोट ठेवत त्यांनी दिवसांची नावे पुढे म्हणत नेली. मध्येच थांबून त्या स्वतःच्या पोटरीवर हात ठेवत. अंगातले रक्त कुठे फडफडते, डाव्या बाजूला की उजव्या, वरच्या दिशेने की खाली, ह्यावरूनही अहकिह उत्तर वाचतात. बार्बरा आणि डेनिस टेडलॉक ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७०च्या दशकात मोमोस्तेनांगो गावी स्वतः ही विद्या शिकून घेतली, तेव्हा त्यांनाही हे रक्ताचे बोलणे शिकावे लागले होते.

कागदावर नानने एक क्रूस काढला. मध्यभागी माझे चिन्ह, वरच्या टोकाला आठ घरे मागे मोजून आलेले गर्भधारणेचे चिन्ह, खालच्या टोकाला आठ घरे पुढे मोजून आलेले पुढच्या वाटेचे चिन्ह. माझ्या बाबतीत वर अहमाक आले, म्हणजे पूर्वज, अपराध आणि क्षमा. खाली ए आले, म्हणजे रस्ता. डाव्या-उजव्या हातांनाही चिन्हे असतात, ती त्यांनी भरली, पण त्यांवर फारसे बोलल्या नाहीत. मी वहीत उतरवून घेत होते आणि आता स्वभाववर्णन येईल अशी वाट पाहत होते. त्याऐवजी त्यांनी विचारले, “तू काय काय अडकवून ठेवले आहेस?”

मला प्रश्न नीट कळला नाही असे वाटून त्यांनी तो पुन्हा विचारला. कातच्या माणसाकडे गोष्टी गोळा होतात, असे त्या म्हणाल्या; माणसे, कर्जे, दुसऱ्यांची कामे, जुने राग. हे बळही आहे आणि ओझेही. त्यांच्या घराच्या पडवीत मक्याची कणसे भरलेले एक जाळे टांगलेले होते, काथ्यासारख्या जाड दोरीचे, एका बाजूने फाटून पुन्हा गाठी मारलेले. कपाळपट्टी लावून असे भरलेले जाळे पाठीवरून नेणारी माणसे मी बाजाराच्या रस्त्यावर रोज पाहत होते. नान म्हणाल्या, की जाळे नसेल तर कणसे घरी येणार नाहीत, आणि जाळे कधी रिकामे केलेच नाही तर कणसे त्यातच सडतील. ह्यात शुभ-अशुभाचा निवाडा नव्हता. शांत करण्याचा प्रश्नही नव्हता, कारण टाळण्याजोगे काही त्यांनी सांगितलेच नव्हते.

कोळ्याबद्दल मात्र त्यांनी मला एक ठरावीक काम दिले. शेतात मक्याच्या दोन ताटांमध्ये एका कोळ्याने चाकासारखे गोल जाळे विणले होते, त्याच्यापुढे संध्याकाळी जाऊन बसायचे आणि काय होते ते पाहायचे. डोळे मिटायचे नाहीत, हे त्यांनी मुद्दाम बजावले. पहिल्या संध्याकाळी पाऊस आला. नंतरच्या एका संध्याकाळी मी पाहिले, की तो कोळी जुन्या जाळ्याचे धागे कडेकडेने तोडत, गोळा करत आत येत होता आणि ते धागे गिळत होता. बराच भाग नाहीसा झाल्यावर त्याने नवा आडवा धागा टाकला, त्याच्या मधोमध खाली उतरला आणि पुन्हा आरे ओढायला सुरुवात केली. अशा प्रकारचे पुष्कळ कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातल्या प्रथिनांतून नवे विणतात, हे नंतर वाचनात आले. पण त्या वेळी माझ्या ध्यानात आली ती त्याची पद्धत. तो जाळे एकदम झटकून टाकत नव्हता. जो धागा तोडला तो पोटात घेऊनच पुढच्या धाग्याकडे जात होता. युंगच्या भाषेत बोलायचे तर माझ्यापुढे एक आदिबंध जिवंत उभा होता, असे कुणी म्हणेल. मला ते नाव द्यावेसे वाटत नाही. शिबिरात प्राणी माझ्या आतून बाहेर यायचा होता. इथे मला स्वतःबाहेरच्या एका प्राण्याकडे तासभर पाहायला लावले होते, आणि माझ्यासारख्या सतत स्वतःविषयी विचार करणाऱ्या बाईला ह्या दुसऱ्या गोष्टीची जास्त गरज होती.

१७ ऑगस्टला ८ बाट्स हा दिवस होता. ह्या दिवशी नवे अहकिह दीक्षा घेतात, आणि त्यासाठी मोमोस्तेनांगो हे गाव विशेष प्रसिद्ध आहे. नानबरोबर मी तिथे गेले. मोमोस्तेनांगो लोकरी घोंगड्यांचेही गाव आहे, त्यामुळे बाजाराच्या रस्त्यावरून डोंगराकडे जाताना एका बाजूला घोंगड्यांच्या चळती आणि दुसऱ्या बाजूला कोपालच्या धुपाच्या पुड्या, मेणबत्त्या आणि साखर विकणाऱ्या बायका असे दृश्य होते. वर जागोजागी लहान-मोठे अग्नी पेटलेले होते. धुरात डोळे चुरचुरत, भोवती किचेमधून दिवसांची नावे एका सुरात म्हटली जात, आणि त्यातच कुणाचे तरी मूल भूक लागली म्हणून रडत होते. दीक्षा घेणाऱ्यांना त्याआधी गुरूच्या देखरेखीखाली गणनेचे पूर्ण चक्र दिवसागणिक पाळावे लागते, ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणी जाऊन अर्पण करावे लागते, आणि मुळात त्यांची निवड आजारपणातून, स्वप्नांतून आणि बियांच्या कौलातून व्हावी लागते. आतित्लान सरोवराच्या काठावरच्या काही गावांत परदेशी प्रवाशांना शनिवार-रविवारात ‘माया शमन’ होण्याचे प्रमाणपत्र मिळते. त्याविषयी नानला विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, की प्रमाणपत्र कोणत्या दिवशी दिले ते बघावे लागेल.

त्या हसल्या, पण अहकिह असणे तिथे निर्धास्तपणाचे नाही. जून २०२० मध्ये पेतेन प्रांतात दोमिंगो चोक ह्या केक्ची माया समाजातल्या वैदूला जादूटोण्याच्या आरोपावरून जमावाने जिवंत जाळले. वनौषधींचे त्यांचे ज्ञान विद्यापीठांतल्या संशोधकांनाही हवे असे. नानच्या घरासमोरच्या चर्चमधला ध्वनिक्षेपक रविवारी त्यांच्या दाराकडेच तोंड करून लावलेला असे. त्यांचा सख्खा भाऊ त्या चर्चमध्ये जात असे आणि तरीही गाय आजारी पडली की मागच्या दाराने येऊन बिया मांडायला सांगत असे.

मला दिलेले दुसरे काम दिवस मोजण्याचे होते. रोज सकाळी वहीत अंक आणि चिन्ह लिहायचे, रात्री त्या दिवशी काय घडले ते दोन ओळींत लिहायचे, आणि दर २० दिवसांनी कात आला की अडकलेल्या गोष्टींपैकी एक सोडवायची. कोणती, हे त्यांनी सांगितले नाही. सुरुवातीला ही नोंदवही मला शाळकरी वाटली. पण काही दिवसांनी तिचा गुण लक्षात येऊ लागला. चिन्ह आधी लिहिलेले असल्यामुळे रात्री त्या चिन्हाच्या बाजूने दिवसाकडे पाहावे लागे. तोह ह्या दिवशी, म्हणजे देण्या-फेडण्याच्या दिवशी, आज मी कुणाचे काय घेतले आणि परत काय दिले हा प्रश्न समोर येई. त्सी ह्या दिवशी न्यायाचा आणि अधिकाराचा. नोह ह्या दिवशी बुद्धीने काय ठरवले ह्याचा. ह्यातून भविष्य कळते असे मी म्हणणार नाही. कुठलेही चिन्ह कुठल्याही दिवसाला लावले असते तरी काही ना काही जुळले असते, हे मला दिसत होते आणि मी नानला तसे म्हटलेही. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. मात्र सोयीचे चिन्ह निवडायची मुभा नाही, जो दिवस येईल त्यालाच तोंड द्यायचे, इतके त्यांनी सांगितले.

३० ऑगस्टला ८ कात आला. बऱ्याच काळापासून उराशी धरलेला आणि पुढे न सरकणारा एक अनुवाद त्या दिवशी मी प्रकाशकांना परत पाठवला आणि आगाऊ घेतलेली रक्कमही परत केली. हे सोपे होते. १९ सप्टेंबरचा २ कात अवघड गेला. वडील गेल्यानंतर गावच्या जमिनीचे हक्कसोडपत्र दादाने माझ्यापुढे ठेवले होते आणि मी ना सही केली होती, ना नकार दिला होता. दर दिवाळीला तो विषय निघे आणि दर दिवाळीला मी “बघू” म्हणे. त्या दिवशी शेलाच्या एका गच्चीवरून मी त्याला फोन लावला. पुण्यात रात्र होती.

“दादा, मी सही करणार नाही. मला माझा हिस्सा हवा आहे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस मग?” एवढेच म्हणाला आणि वहिनीला फोन दिला. वहिनीने पावसाबद्दल विचारले.

नानने त्या आठवड्यात माझ्या क्रूसाचा कागद पुन्हा समोर घेतला आणि वरच्या टोकावरच्या अहमाकवर बोट ठेवले. वडिलांच्या जमिनीचा प्रश्न आहे, तर वडिलांशी बोलणे झाले का, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे शब्दशः होते. मृतांना मेणबत्ती लावून, नाव घेऊन, झाले ते सांगायचे. पितृपक्ष जवळच आला होता आणि आमच्या घरी श्राद्ध दादा करतो, मुलगी करत नाही. मी एक पिवळी मेणबत्ती लावली आणि मराठीत बोलले. त्यावेळी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

९ ऑक्टोबरला माझा स्वतःचा दिवस, ९ कात, येणार होता आणि त्या दिवशी अग्नी करायचे ठरले होते. पण तोपर्यंत देशच अडकला होता. ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीत बेर्नार्दो अरेवालो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते, निकाल उलटवण्यासाठी सरकारी वकिलांच्या यंत्रणेने निवडणूक मंडळाकडची मतमोजणीची मूळ कागदपत्रे जप्त केली होती, आणि मुख्य सरकारी वकील कॉन्सुएलो पोरास ह्यांच्या राजीनाम्याची मागणी करत २ ऑक्टोबरपासून रस्ते रोखले गेले होते. ह्या आंदोलनाच्या अग्रभागी तोतोनिकापानचे ‘४८ कांतोनेस’ होते, म्हणजे तिथल्या माया गावांचे पारंपरिक अधिकारी, हातात अधिकाराची काठी घेतलेले. शेलामध्ये गॅसचे सिलिंडर मिळेनासे झाले होते आणि बाजारातला टोमॅटो महागला होता. आम्हाला ज्या डोंगरावर जायचे होते तिथपर्यंत गाडी जाणे शक्यच नव्हते. नानने वस्तीमागच्या टेकडीवरची जागा ठरवली आणि आम्ही सामान पाठीवर घेऊन पायी चढलो.

अग्नीची तयारी मला फार सुंदर वाटली. झाडून घेतलेल्या जमिनीवर नानने साखरेची धार सोडून वर्तुळ काढले आणि त्यात क्रूस. पूर्वेला लाल मेणबत्त्या, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या, मध्यभागी निळ्या आणि हिरव्या. मध्यभागी पोम, म्हणजे कोपालच्या चकत्या, त्यांवर ओकोतेच्या, म्हणजे राळेने भरलेल्या पाइनच्या ढलप्या, मग चॉकलेट, गूळ, तीळ, रोझमेरीच्या काड्या आणि सिगार. पेटवल्यावर साखर आधी वितळली, तपकिरी झाली आणि बुडबुडे काढत कडेकडेने पसरली. मग २० नावालांना एकेक करून बोलावणे सुरू झाले, प्रत्येकाला १ ते १३ अंकांनी: हुन, केब, ओशिब, काहिब. हे सगळे म्हणायला काही तास लागतात. ज्याचे चिन्ह आले त्याने पुढे होऊन तीळ आणि छोट्या मेणबत्त्या अग्नीत टाकायच्या आणि गुडघ्यांवर बसून आपले म्हणणे मांडायचे.

माझ्या दिवसाचा अग्नी म्हणजे माझ्यासाठीचा अग्नी, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नानच्या शेजारणी, त्यांचे दोन भाचे आणि रस्ता रोखून बसलेल्यांपैकी काही पुरुष पाळी बदलून टेकडीवर आले होते. कात आला तेव्हा नानने माझे नाव घेतले, माझ्या वडिलांचे घेतले, भारताचेही घेतले, आणि त्यानंतर बराच वेळ त्या मी सोडून इतर सर्वांबद्दल बोलत राहिल्या: तुरुंगात असलेल्यांबद्दल, कर्ज काढून उत्तरेकडे गेलेल्या मुलांबद्दल, काही थोड्या लोकांच्या जाळ्यात सापडलेल्या देशाबद्दल. ज्योत एका बाजूने गरगर फिरून वर उठली तेव्हा दोघा पुरुषांनी टोप्या काढल्या. मी तीळ टाकले. मला कुठलाही प्राणी दिसला नाही, कसला आवाज ऐकू आला नाही. पाय बधिर झाले होते आणि धुराने नाक वाहत होते. खाली उतरताना नान म्हणाल्या, की चांगला अग्नी होता, सगळे खाल्ले त्याने. त्यांचा एक भाचा तसाच पुन्हा नाक्यावर गेला.

आत्मशोध म्हणून ह्या सगळ्याकडे पाहणाऱ्यांना मी एवढे सांगू शकते, की माझ्याविषयी नवीन अशी माहिती मला फारच थोडी मिळाली. माझ्याकडे गोष्टी अडकून राहतात हे माझ्या कुठल्याही मैत्रिणीने सांगितले असते. मूळ नक्षत्र आणि कात ह्या दोन्ही जन्मखुणा मला मागितल्याशिवाय मिळाल्या. पहिलीने मला आयुष्यभर दुसऱ्यांपुढे आरोपी म्हणून उभे केले, दुसरीने दर २० दिवसांनी एक काम दिले. ह्याचा अर्थ किचे परंपरा उदार आणि आपली कठोर असा कुणी काढू नये. लग्न जुळवताना नानही चिन्हे पाहत असत आणि एका जोडप्याला त्यांनी माझ्यादेखत स्पष्ट नाही सांगितले. ती मुलगी रडत बाहेर गेली. त्या वेळी मला नानचा राग आला होता आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही.

पुण्याला परतल्यावर मी मोजणी चालू ठेवली आहे. २६० दिवसांनी, २५ जून २०२४ ला, ९ कात पुन्हा आला. सोसायटीत गच्चीवर अग्नी पेटवायला परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून निरांजन लावले आणि १ ते १३ आकडे किचेमध्ये म्हटले. ‘अंतरंगातील प्राणी’ शिबिराच्या संचालकांनी मला ‘माया प्राणीचिन्हे’ ह्यावर सत्र घेण्याविषयी विचारले होते. मी दीक्षित नाही आणि मला कुणी निवडलेलेही नाही, एवढे कळवून मी नकार दिला.

नानचा भाचा अधूनमधून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्या जूनमध्ये त्यांनी विचारले, की जमिनीची गाठ सुटली का. मी कळवले, की दादाने वारसनोंदीचा अर्ज केला, मी हरकत घेतली, त्यामुळे आता ती तक्रारी नोंद झाली असून १२ जुलैला मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. त्यांनी दिवस मोजला. १३ इमोश निघाला, म्हणजे गोंधळाचे चिन्ह आणि सर्वांत जड अंक. तारीख बदलून मिळते का, असे त्यांनी विचारले. आपल्या महसूल खात्यात तारीख पक्षकाराच्या सोयीने मिळत नाही, हे स्पॅनिशमध्ये समजावून सांगायला मला तीन संदेश लागले. मग त्यांनी सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती न्यायला सांगितल्या. मी नेल्या. सुनावणी त्या दिवशी झाली नाही, साहेब दौऱ्यावर होते. दादा आणि मी बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि पुढची तारीख लिहून घेऊन आपापल्या गाडीने परत आलो.